आरशासमोरचा महागडा डबा

तोंड उघडं, डोळे मिटलेले आणि एक हात हवेत, अशी मी पडद्यावर अडकले. म्हणजे माझं चित्र अडकलं. मी इकडे माझ्या खोलीत बसून व्यवस्थित हात हलवत होते आणि डॉक्टरीणबाई बोलत होत्या ते खुणांनी सांगत होते, की बाळाचं वजन चांगलं वाढतंय, काळजीचं कारण नाही. पण तिकडे दवाखान्यातल्या पडद्यावर ही बया तोंड वासून, डोळे मिटून, कुणी गेल्याची बातमी आणल्यासारखी थिजलेली. पलंगावर बसलेल्या बेकरीवालीनं ते तोंड बघितलं, पोटावर हात ठेवला आणि रडायला लागली.

तिकडचं मला सगळं येत होतं, चित्रही आणि आवाजही. फक्त माझं तिकडे जात नव्हतं. ती रडतेय ते मला दिसतंय, डॉक्टरीणबाई "अहो, झालं काय, रडताय कशाला?" म्हणतायत ते ऐकू येतंय, आणि मी "सगळं ठीक आहे, सगळं ठीक आहे" असे हात करत वेड्यासारखी भिंतीशी बोलतेय. शेवटी चित्र सुटलं, मी तिला समजावलं, तीही हसली. पण तिचं ते रडणं माझ्या डोक्यातून जाईना.

मी दुभाषी आहे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी खुणांच्या भाषेत बोलते. माझ्या आईला ऐकू येत नाही, म्हणजे ही भाषा मी शिकले असं म्हणण्यातही अर्थ नाही, ती मी दुधाबरोबरच प्यायले. दवाखान्यात असं कुणी आलं की तिथली नर्स चाकांच्या स्टँडवर पडदा आणून लावते आणि आमची संस्था मला त्या पडद्यावर जोडून देते. या कामात निम्मं बोलणं हातांनी आणि निम्मं चेहऱ्यानं होतं. माझ्या भुवया फार उड्या मारतात म्हणून ऐकू न येणाऱ्या मंडळींनी माझं नावच 'भुवई' ठेवलंय. अशा बाईचं चित्र मध्येच थिजलं तर काय उपयोग तिचा?

आणि बेकरीवालीचं प्रकरण साधं नव्हतं. ती आणि तिचा नवरा, दोघांनाही ऐकू येत नाही. पहिल्या बाळंतपणाच्या वेळी तिच्याजवळ दुभाषी नव्हता. सगळ्यांच्या तोंडाला मास्क, त्यामुळे ओठ वाचायचीही सोय नव्हती. बाळ झालं, कुणीतरी ते उचलून शेजारच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. बराच वेळ कुणी काही सांगेना. तेवढा सगळा वेळ ती पडल्या पडल्या हेच धरून होती की आपलं बाळ गेलं. तो मुलगा आता बेकरीभर पीठ उडवत धावतो, पाव पळवतो, मार खातो. तरी ती अजून भेटेल त्याला विचारते, तेव्हा तो रडला होता का? तिला ते कधीच कुणी सांगितलं नाही.

म्हणून या खेपेला तिनं मला आधीच बजावून ठेवलं होतं. "बाळ रडलं की मला सांगायचं. लगेच. डॉक्टर मला काही करत असले तरी सांगायचं. दुसरं कुणी नको, तूच." मी हो म्हटलं होतं.

त्या थिजलेल्या तोंडानंतर संस्थेच्या सुपरवायझर बाईंचा फोन आला. बाई वाईट नाहीत, पण गोड बोलून मान कापतात. म्हणाल्या, "तुमच्या हातांना तोड नाही, पण हात दिसले तर ना. अजून एकदा दवाखान्याच्या कामात चित्र अडकलं तर मला तुम्हाला बँकेच्या, दुकानांच्या कामाला लावावं लागेल. बाळंतपणासारखी कामं मग नाही देता येणार."

"बेकरीवालीनं मलाच मागितलंय," मी म्हटलं.

"म्हणूनच सांगतेय. घरचं नेट नीट करा."

घरचं नेट. आता आमचं घर कसं आहे ते सांगते, म्हणजे माझं डोकं का फिरतं ते कळेल. सासरे आरसे करतात. नुसते विकत नाहीत, करतात. काच कापायची, कडा घासायच्या आणि मागच्या बाजूला चांदीचं पाणी ओतून पारा चढवायचा. खरा पारा आता कुणी वापरत नाही, पण घरात शब्द तोच. रस्त्याच्या बाजूला दुकान आणि काम करायची जागा, मध्ये एक भिंत आणि भिंतीमागे माझी खोली. घरातली तेवढी एकच भिंत कोरडी. ओल लागली की आरशाची पाठ काळी पडते, म्हणून तयार झालेले सगळे आरसे त्या भिंतीला टेकून उभे, एकापुढे एक. नेटची वायर रस्त्यावरून येते ती दुकानात, आणि जुना वायफायचा डबा गल्ल्याच्या वर टांगलेला.

घरून काम सुरू झालं त्या दिवसापासून मी एकच मागत होते. भिंतीला बोटभर भोक पाडा आणि वायर माझ्या टेबलापर्यंत आणा. बास. पण नवरा म्हणायचा, "अगं, ड्रिल लावलं की धूळ उडणार. ओल्या चांदीवर धुळीचा एक कण बसला तरी टाचणीएवढा ठिपका राहतो. गिऱ्हाईक आरसा तोंडावर मारेल." सासरे तर नुसती मान हलवायचे. नाही म्हणजे नाही. या घरात धुळीइतकी दहशत कुणाची नाही.

अशात आला टॉवर. टॉवर म्हणजे माझा धाकटा दीर. उंचीनं ताड, आणि कुठेही गेला तरी फोन वर धरून रेंज शोधत उभा राहतो, म्हणून हे नाव. विकतो पंखे, पण ज्ञान सगळ्या जगाचं. सोफ्यावर पाय पसरून म्हणाला, "वहिनी, तुमचा प्रॉब्लेम डबा आहे. हा जुना डबा म्हणजे खटारा. प्रीमियम ॲक्सेस पॉइंट घ्या. मोठमोठ्या हॉटेलांत तेच लावतात. भिंती काय, किल्ला असला तरी आरपार."

"त्यापेक्षा वायर टाकली तर?"

"वायर?" त्यानं माझ्याकडे दयेनं बघितलं. "वायरलेस घ्यायचं आणि वर वायर टाकायची? मग घ्यायचं कशाला?"

यावर सगळे हसले. मीही हसले, कारण ऐकायला बरोबर वाटत होतं. किंमत ऐकल्यावर मात्र कुणी हसलं नाही. नवऱ्याला काच कापायचं नवं टेबल घ्यायचं होतं, जुन्यावर वाकून वाकून त्याच्या पाठीचं भजं झालं होतं. त्यानं ते टेबल पुढे ढकललं. मला म्हणाला, "तुझं काम आधी." त्या क्षणी मला त्याचं फार कौतुक वाटलं, आणि पुढे तेच कौतुक माझ्या गळ्याशी आलं.

डबा आला. पांढरा, चपटा, देखणा, निळा दिवा लुकलुकणारा. आता तो लावायचा कुठे, यावर घरात चर्चा बसली. सासऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा या विषयात तोंड घातलं. म्हणाले, "दिवा आरशासमोर ठेवला की उजेड दुप्पट होतो. हेही तसंच असणार. मोठ्या आरशासमोर लावा." आरसेवाल्यांच्या घरात याला कोण नाही म्हणणार? टॉवरसुद्धा म्हणाला, "बाबा, तुम्ही इंजिनियर व्हायला हवे होतात." मग डबा दुकानातल्या सगळ्यांत मोठ्या आरशाच्या बरोबर समोर लावला. आरशात दुसरा डबा दिसायला लागला, दुसरा निळा दिवाही. एकाच्या पैशात दोन आले म्हणून सगळे खूश झाले.

दुसऱ्याच दिवशी माझं चित्र अडकलं. नशीब, ते काम दुकानाचं होतं, दवाखान्याचं नव्हतं.

आणि इथून खरी गंमत सुरू झाली. जुना डबा होता तोवर चित्र अडकलं की डब्याला शिव्या बसायच्या. आता डब्याला बोलायची सोय नाही. एवढा महागाचा आणलाय, नवऱ्यानं पाठ मोडून घेतलीय, तो चुकेल कसा? मग चूक कुणाची? तर माझ्या लॅपटॉपची. माझ्या खुर्चीची. माझ्या खोलीच्या दाराची. टॉवर एकदा म्हणाला, "वहिनी, तुम्ही हात फार जोरात हलवता, कॅमेऱ्याला झेपत नसेल." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला म्हटलं, "मग असं करते, उद्यापासून बाळंतपणं हळूच सांगते."

मग एकदा काय झालं, सलग दोन दिवस माझं चित्र एकदाही अडकलं नाही. सकाळी नाही, दुपारी नाही. बेकरीवालीची तपासणी झाली तीही झुळझुळ. ती म्हणाली, "आज भुवया छान उडतायत." मी खूश, नवरा खूश, टॉवर फोनवर छाती काढून. "अपडेट आलं असणार, वहिनी. महागाच्या वस्तू स्वतःला सुधारतात."

मी पाणी प्यायला दुकानात गेले तर भिंत मोकळी. नाचाच्या शाळेसाठी केलेले उंच आरसे दोन दिवसांपूर्वीच टेम्पोत भरून गेले होते. एरवी जिथे आरशांच्या रांगा असतात तिथे नुसती पांढरी भिंत, आणि भिंतीपलीकडे माझं टेबल. मी तिथेच ग्लास हातात धरून उभी राहिले. किती बावळट आहोत आपण सगळे, असं वाटलं. आरशाची पाठ चांदीची, म्हणजे धातूच. रेंज माझ्याकडे येणार कुठून? समोर येईल ते परत पाठवायचं हाच आरशाचा धंदा. आणि आम्ही महागाचा डबा नेमका त्याच्या तोंडासमोर टांगून रेंज दुप्पट करायला निघालो होतो.

जेवताना सांगितलं. वाटलं, सगळे म्हणतील, अरेच्चा. कसलं काय. नवरा म्हणाला, "काहीतरीच. चाललंय ना आता? मग कशाला उकरून काढतेस?" सासरे ताटावरून उठताना म्हणाले, "माझ्या आरशानं आजवर कुणाचं काही अडवलेलं नाही."

त्यांना लागलं होतं. मला ते कळलं, पण मला माझंही लागलं होतं.

पुढच्या आठवड्यात सलूनची ऑर्डर तयार झाली आणि भिंत परत भरली. चित्र परत अडकायला लागलं. संस्थेनं मला त्या दिवसांत बँकेची कामं दिली होती म्हणून निभावलं. टॉवरनं उपाय काढला, आणखी एक तसाच महागडा डबा. हा माझ्या खोलीत ठेवायचा. मी ओरडून सांगितलं, अरे, याला वायर नाही, हा दुकानातल्या डब्याकडूनच रेंज घेणार, त्या दोघांच्या मध्ये आरसेच आहेत. पण नवऱ्यानं तो आणला. आता माझ्या खोलीतही निळा दिवा लुकलुकायला लागला. फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या आणि चित्र होतं तसंच अडकलेलं.

मी सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिले. "बाबा, आरसे दुसऱ्या भिंतीला लावू."

"त्या भिंती ओल्या आहेत. पाठी काळ्या पडतील."

"मग भोक पाडू."

"धूळ."

"मग मी काय करू, बाबा? त्या बाईचे दिवस भरत आलेत. मी तिला शब्द दिलाय."

"एवढे महागाचे दोन डबे आणलेत तुझ्यासाठी," ते म्हणाले. "अजून काय करायचं माणसानं?"

मला रडू आलं, रागानं. म्हटलं, "डबे माझ्यासाठी आणले नाहीत. भोक पाडायला लागू नये म्हणून आणलेत." आणि खोलीत येऊन दार लावून घेतलं. त्यानंतर आमचं बोलणं बंद. ते मला चहा झाला का असं नवऱ्याला विचारायचे आणि मीही झालाय म्हणून नवऱ्यालाच सांगायचे. नवरा बिचारा मधल्या मधे टेलिफोन झाला होता.

बेकरीवालीची वेळ ठरल्याच्या आधीच आली. नवरा दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचा आरसा पोचवायला गेलेला, घरात मी आणि सासरे. सकाळची आवराआवर चालली होती तेवढ्यात संस्थेचा फोन. सुपरवायझर बाई म्हणाल्या, "ती टेबलावर आहे, घाई आहे, तुम्हालाच मागतेय. देऊ का जोडून? खरं सांगा, चित्र टिकेल?"

मी भिंतीकडे बघितलं. पलीकडे सलूनचे सगळे आरसे उभे होते. म्हटलं, "टिकेल. जोडा."

पडदा उजळला. दिवे, हिरवे कपडे, मास्क लावलेल्या नर्सा, आणि मध्ये तिचं घामानं भिजलेलं तोंड. तिनं मला बघितलं, हात उचलला आणि विचारलं, "आहेस?" मी म्हटलं, "आहे." डॉक्टरीणबाईंनी श्वास धरायला सांगितलं, मी सांगायला लागले आणि माझ्याच पडद्याच्या कोपऱ्यात मला माझं चित्र दिसलं. तुकडे पडायला लागले होते. हात एकीकडे, तोंड दुसरीकडे. नर्स म्हणाली, "अहो, दुभाषी बाई दिसत नाहीयेत." बेकरीवाली मान वर करून मला शोधत होती.

मी विचार केला नाही. लॅपटॉप उचलला आणि दार ढकलून दुकानात गेले. डब्याच्या अगदी खाली, कामाच्या टेबलाच्या टोकाला लॅपटॉप ठेवला. चित्र सुटलं, लख्ख झालं. पण लख्ख कसलं? माझ्या मागे आरसे, बाजूला आरसे. माझे दोन हात कुठले आणि आरशातले कुठले? आमच्या कामात मागे साधं काळं कापड लागतं, नाहीतर खुणा गर्दीत हरवतात. बेकरीवालीनं डोळे बारीक केले आणि मान हलवली. कळत नाहीये, म्हणाली.

सासरे टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होते. समोर मोठी काच आडवी, तिच्यावर नुकतंच चांदीचं पाणी ओतलेलं. हे काम म्हणजे एकदा पाणी ओतलं की जागचं हलायचं नाही. काच हळूहळू डोलवायची, चांदी सगळीकडे सारखी बसेपर्यंत, आणि नेमक्या वेळी धुवून काढायची. मध्ये सोडलं तर काच वाया. या वेळात घरात कुणी मोठ्यानं शिंकलं तरी ते वस्सकन अंगावर येतात. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना एवढंच म्हटलं, "बाबा, मागे कापड हवं. आरसे दिसतायत."

त्यांनी हातातली काच सोडली.

आधी जाऊन दुकानाचं शटर ओढून घेतलं, रस्त्यावरून कुणी डोकावू नये म्हणून. मग आरशांवर टाकायचं जाड काळं कापड आणलं आणि माझ्या मागच्या आरशावर टाकलं. ते घसरलं. परत टाकलं, परत घसरलं. आरशाला खिळा कुठे असतो? मग ते स्वतःच माझ्या मागे उभे राहिले, दोन्ही हात वर करून कापड धरलं आणि त्याच्या मागे गेले. पडद्यात माझ्या मागे काळंभोर झालं. बेकरीवालीनं मला बघितलं आणि हात केला, "आता दिसतेस."

पुढचं सगळं मी सांगत गेले. आता जोर लाव. आता थांब. श्वास सोड. अजून थोडंच. ती ओरडायची, मध्येच माझ्याकडे बघायची, मी असायचे. दरवेळी असायचे. माझ्या मागचं कापड मधूनमधून थरथरायचं, कधी एका बाजूनं खाली यायचं आणि लगेच वर जायचं. कापडाच्या आड म्हाताऱ्याला काही दिसत नव्हतं, नुसते आवाज ऐकू येत होते. हात खाली घेऊ का, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही.

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आलं, आलं." हिरव्या कपड्यांची गर्दी झाली. बाळ कुणीतरी उचललं आणि बाजूला नेलं. बेकरीवालीला ते दिसलं. परत तेच, बाळ बाजूला नेलं. तिचे डोळे माझ्यावर येऊन थांबले. हात हलवायचीही ताकद नव्हती तिच्यात, नुसती बघत होती. मी कान टवकारून बसले होते. काहीच ऐकू येईना. नर्सांच्या चपला, भांड्यांचा आवाज, आणि दुसरं काही नाही. मी चेहरा सरळ ठेवला. भुवया जागच्या जागी दाबून धरल्या, माझ्या भुवयांनी तिला घाबरवू नये म्हणून.

मग आवाज आला. आधी मांजरीच्या पिल्लाएवढा आणि मग एकदम दणदणीत.

मी सांगितलं. रडतंय. जोरात रडतंय. खूप जोरात.

तिनं डोळे मिटले, उघडले. विचारलं, "अजून?"

"अजून रडतंय."

"अजून?"

"अजून. थांबायलाच तयार नाही."

तिचा नवरा तिच्या डोक्याशी उभा होता. त्यानंही विचारलं, "अजून?" मी त्यालाही सांगितलं. डॉक्टरीणबाई काहीतरी बोलत होत्या, मुलगी आहे, वजन चांगलं आहे, मी तेही सांगितलं. पण त्या दोघांना दुसरं काही नको होतं. ती पुन्हा पुन्हा तेच विचारत होती आणि मी पुन्हा पुन्हा तेच सांगत होते. माझं नाक वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

मग तिची नजर माझ्या खांद्याच्या वर गेली. तिनं विचारलं, "तुझ्यामागे कोण आहे? बोटं दिसतायत."

मी वळून बघितलं. कापडाच्या वरच्या कडेला आठ बोटं, चांदीनं काळी पडलेली, कापड घट्ट धरून थरथरत होती.

"सासरे," मी सांगितलं.

"त्यांचे हात दुखत असतील. खाली घ्यायला सांग."

मी म्हटलं, "बाबा, ती म्हणतेय हात खाली घ्या."

कापडामागून आवाज आला, "पोर गप्प झाली का?"

"अजून रडतेय."

"मग तिला सांगत राहा की," ते म्हणाले. "मी धरतो."

सगळं उरकून पडदा बंद केला तेव्हा ते कापड खाली टाकून स्टुलावर बसले होते, दोन्ही हात मांडीवर, निर्जीव. टेबलावरच्या काचेवर चांदी अर्धी बसली होती, अर्धी ओघळली होती. मध्ये मोठा तपकिरी डाग. गिऱ्हाइकाची होती, ऑर्डरची. नवरा आला, काच बघून म्हणाला, "बाबा, हे काय झालं?" सासरे म्हणाले, "हात हलला." नवऱ्याला पटलं नाही, त्यांचा हात कधी हलत नाही.

तेवढ्यात टॉवरचा फोन. त्याला कुठून कळलं कोण जाणे. स्पीकरवर सगळं घर ऐकेल असा आवाज, "वहिनी, बाळंतपण झालं म्हणे व्यवस्थित. मी सांगत होतो की नाही? प्रीमियम ते प्रीमियम. पैसे वसूल." मला एवढा संताप आला की फोन उचलून त्याच मोठ्या आरशावर फेकावा. डबा वाईट नव्हता, हे मला आता माहीत होतं. त्याच्याखाली जाऊन बसलं की चित्र काचेसारखं. पण जुना खटारा डबासुद्धा वायरनं माझ्या टेबलावर आला असता तर हेच झालं असतं, आणि नवऱ्याची पाठ सरळ असती. हे कुणाला सांगू आणि किती वेळा? मी हात टेकले.

सासरे उठले. मोठ्या आरशासमोर गेले, डबा भिंतीवरून काढला आणि हातात घेऊन उलटासुलटा बघितला. मग नवऱ्याला म्हणाले, "ड्रिल आण. आणि तयार आरसे सगळे झाकून घे."

"बाबा, धूळ."

"आज नाहीतरी पारा चढवून झालाय," ते म्हणाले.

ते माझ्या खोलीत आले. कितीतरी दिवसांनी माझ्याशी थेट बोलले. टेबलाच्या मागे भिंतीवर पेन्सिलनं खूण केली, इथे चालेल का, विचारलं. मी चालेल म्हटलं. त्यांचे हात अजून थरथरत होते म्हणून ड्रिल नवऱ्यानं धरावं असं मी म्हणणार होते, पण त्यांनीच मध्ये विचारलं, "केवढ्यानं रडत होती पोर. आईला कळलं ना?"

"कळलं, बाबा."

"लगेच?"

"लगेच."

"मग झालं," ते म्हणाले आणि भिंतीला ड्रिल लावलं.